कान शब्द कसा ओळखतो?

श्रुतलेखनांत ‘डाकघर’ याऐवजीं ‘डागघर’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहींत तांबडी रेघ उमटते. पालकहो, त्यास निष्काळजी म्हणण्यापूर्वीं तो शब्द आपणच भरभर उच्चारून पाहावा. बोलण्याच्या ओघांत ‘क’ हा पुढील ‘घ’च्या ओढीनें ‘ग’ होतो; ‘हात धुतले’ याचेंहि ‘हाद्धुतले’ होतें. वाक् व ईश मिळून वागीश, सत् व जन मिळून सज्जन, हे संधि आमचे विद्यार्थी घोकून पाठ करतात. तसाच व्यापार त्यांच्या जिभेवर रोज बिनबोभाट चालतो, याची आम्हांस मौज वाटते.

मग ऐकणारा मूळ शब्द कसा ओळखतो? कान एकेक ध्वनि सुटा तोलीत बसत नाहीं. पुढच्यावरून मागच्याचा निवाडा करतो. इंग्लंडांतील गॅस्केल व मार्सलेन-विल्सन यांनीं 1996 सालीं हें प्रयोगानें दाखविलें. ‘लीन बेकन’ म्हणतांना ‘ब’साठीं ओंठ आधींच मिटूं लागतात व ‘लीन’चा ‘लीम’ होतो. श्रोत्यांनीं तरीहि ‘लीन’ हाच शब्द जाणला. पुढें ‘गॅमन’ आला, तेव्हां मात्र तोच ‘लीम’ खटकला. कारण ‘ग’साठीं ओंठ मिटण्याचें प्रयोजनच नाहीं.

कधीं तर ध्वनि मुळींच नसतो. अमेरिकेंत रिचर्ड वॉरन यांनीं 1970 सालीं एका वाक्यांतील एक ध्वनि कापून त्या जागीं खोकल्याचा आवाज घातला. 20 श्रोत्यांपैकीं 19 जणांस कांहींच गळाल्यासारखें वाटलें नाहीं! रविवारच्या प्रवचनांत शेजारचे आजोबा खोकले, तरी आपला अर्थ बुडत नाहीं, तो याच बळावर.

आमच्या वसईंत या बळाची परीक्षा जरा कडक होते. एकाच बाकावर सामवेदी, वाडवळी व कोळी बोलीचीं मुलें बसतात, आणि शिक्षक पुस्तकी मराठींत शिकवितात. तरी मुलें थोड्याच दिवसांत एकमेकांस समजूं लागतात. डच श्रोत्यांवरील 2003 सालच्या एका प्रयोगांत, ‘फ’ व ‘स’ यांच्यामधला धूसर ध्वनि असलेले अवघे 20 शब्द ऐकल्यावर त्यांचा कान त्यास सरावला. पण शब्द ओळखीचे असले तरच. अर्थहीन शब्दांनीं तो सराव घडला नाहीं.

ज्या घरीं सारे ‘पोस्ट’ म्हणतात, तेथील मुलानें ‘डाक’ कधीं ऐकलेंच नसेल, तर ‘डाग’मागचा ‘क’ त्यानें कशावरून ओळखावा? कानीं पडलें तें त्यानें इमानानें लिहिलें. असे शब्द आधीं फळ्यावर लिहून दाखवावे, अर्थ सांगावा, आणि मगच श्रुतलेखन घालावें.