आवतण चुकलं आणि गोष्ट घडली!

उचगावहून कोल्हापुरात शिरताना टेंबलाईची टेकडी लागते. वरची त्र्यंबोली देवी रुसून बसलीय, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. कामाक्ष दैत्यानं योगदंडाच्या जोरावर देवांची शेळ्या-मेंढरं करून टाकली होती. त्र्यंबोलीनं त्याला मारून देवांना सोडवलं. विजयाच्या सोहळ्याला मात्र तिलाच बोलवायचं राहिलं! ती उठली ती थेट टेकडीवर, शहराकडे पाठ करून.

आता युरोपात चला. शार्ल पेरोच्या 1697 मधल्या झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत बारशाला सात पऱ्या बोलावतात, आठवी म्हातारी परी राहून जाते. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या संग्रहात तेरा जणी, पण सोन्याची ताटं बाराच. मग तेरावीला आवतण नाही. परिणाम? मरणाचा शाप, जो कसाबसा शंभर वर्षांच्या झोपेवर निभावतो. ग्रीकांची देवी एरिस तर याहून कडक. लग्नाला बोलावलं नाही म्हणून तिनं पंगतीत एक सोन्याचं सफरचंद टाकलं, त्यातून ट्रॉयचं युद्ध पेटलं.

ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1976 मध्ये परीकथांच्या मानसशास्त्रावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुलाला आपली भीती, आपला राग बोलून दाखवता येत नाही, गोष्ट त्यांना चेहरा देते, असं ते म्हणतात. त्यांच्या बऱ्याच अर्थांवर पुढे टीका झाली, पण हे मला मनापासून पटतं. खेळात घेतलं नाही म्हणून कोपऱ्यात बसलेल्या पोराला त्र्यंबोली लगेच कळते.

सगळ्यात धारदार मात्र आपली श्रावणातली शुक्रवारची कहाणी. भाऊ सहस्रभोजन घालतो, गरीब बहिणीला बोलावत नाही. पोरं घेऊन आली तर पंगतीतून उठवतो. तिचे दिवस पालटल्यावर तोच आग्रहानं जेवायला बोलावतो. बहीण अंगावरचे दागिने उतरवून पाटावर मांडते आणि एकेका दागिन्यावर एकेक पक्वान्न ठेवते. आवतण त्यांनाच होतं ना!

कोल्हापूरचा तोडगा निराळा आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणा. इथं शहराची देवी अंबाबाई स्वतः त्र्यंबोलीची समजूत काढायला जाते. आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, तिची पालखी टेकडीवर येते. अंबाबाईनं केलेला कोल्हासुर दैत्याचा वध पुन्हा दाखवायचा म्हणून कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि त्याच्या तुकड्यासाठी एकच झुंबड उडते.

यंदा मुलांना कोहळा बघायला नेणार असाल, तर आधी घरी रुसव्याची गोष्ट पुरी सांगा आणि त्र्यंबोलीला एवढा राग का आला असेल, हे त्यांनाच विचारा.