लिथियमची गोळी आणि थायरॉइडची तपासणी

१९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी लिथियमच्या क्षाराचा उन्मादावरील गुण प्रथम प्रसिद्ध केला. निसर्गात सापडणाऱ्या क्षारावर मक्तेदारी सांगणे कठीण. औषध स्वस्त राहिले आणि त्याचा डांगोरा पिटण्यात कोणालाच फारसे स्वारस्य उरले नाही. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला याचे नवल वाटू नये. तथापि बायपोलर विकारात, म्हणजे उन्माद आणि खिन्नता यांच्या आवर्तनांत सापडलेल्या रुग्णांत, आत्महत्येचा धोका घटविणारे औषध म्हणून लिथियमचे महत्त्व आजही कायम आहे.

या गुणाबरोबर एक उपद्रवही येतो. लिथियम थायरॉइड ग्रंथीत साठते आणि तेथील संप्रेरक रक्तात उतरू देत नाही. मग पिट्युइटरी ग्रंथी टीएसएच वाढवून ही तूट भरू पाहते. ते साधले नाही तर थकवा, सुस्ती, वाढते वजन, थंडी सहन न होणे, विचारांची मंदगती अशी लक्षणे दिसू लागतात. काहींना गलगंडही होतो. स्त्रियांत हे प्रमाण अधिक. आणि ही लक्षणे खिन्नतेशी इतकी मिळतीजुळती, की ती मूळ विकाराच्याच खात्यावर जमा होतात.

माझ्या धाकट्या भावाचे असेच झाले. तो लिपिक आहे. सहा वर्षे लिथियमवर उत्तम चालले होते. सातव्या वर्षी तो मंदावला. कचेरीत त्याला आळशी ठरविण्यात आले, डॉक्टरांनी खिन्नतेची गोळी वाढविली, आणि ‘मन घट्ट कर’ असा उपदेश मीही केला; त्याची आजही लाज वाटते. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी टीएसएच तपासायला सांगितले. ते बरेच वाढलेले होते. थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत तो माणसांत आला. लिथियम बंद करावे लागले नाही. ते एकाएकी, मनाने बंद करणे तर घातकच; उन्माद उसळून येण्याची भीती असते.

ही दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. परंतु उपचार सुरू करण्यापूर्वी, आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी, थायरॉइड, मूत्रपिंड व रक्तातील लिथियम यांची जी तपासणी हवी, तिचा हिशेब कोण ठेवतो? गोळीची किंमत आपण मोजतो. तपासणीचा खर्च आणि बुडालेला दिवस रुग्णाच्या माथी.

भाऊ आता दर सहामाहीस अर्धा दिवस रजा काढतो. अर्जात कारण लिहितो : घरगुती काम.