नेम कानाने

सकाळी ६:००
आज गुरुवार. भोसरी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी, प्रेसचे दणके बंद. अंध मुलांच्या क्रिकेटचा सराव मी मुद्दाम गुरुवारी ठेवतो. कानाने नेम धरायचा तर आधी शांतता हवी.

६:३०
खेळपट्टी झाडून धातूचे स्टंप उभे केले. धातूचा नाद स्वच्छ ऐकू येतो. चेंडू कडक प्लॅस्टिकचे, आत छर्रे. एकेक कानाशी धरून हलवला. एकाचा खुळखुळाट मंद वाटला, तो बाजूला ठेवला.

७:१५
नेट सुरू. गोलंदाज विचारतो, "रेडी?" फलंदाजाचं "येस" आलं की "प्ले" म्हणत खालच्या हाताने चेंडू सोडायचा. उत्तर आल्याशिवाय चेंडू सुटत नाही.

७:४५
एक नवा मुलगा पूर्ण अंध आहे. यष्टिरक्षकाने किल्लीने स्टंपवर टकटक केली. मुलाने आवाजाकडे कान वळवला आणि खांदे तिरके झाले. चेंडू बाहेर.
"कान नको रे, छाती आवाजासमोर आण. हात सरळ पुढे जाऊ दे."
बराच वेळ घोटून घेतलं. मग ठण्ण!
"सर, लागला!" कुणी सांगायच्या आधी त्याला कळलं होतं.

८:३०
रस्त्यावरून कंटेनर हॉर्न वाजवत गेला. तेवढ्यात क्षेत्ररक्षकाचा चेंडू हुकला. चेंडू थांबला की मुका होतो, मग तो चाचपडतच शोधावा लागतो.

९:३०
पोहे खाताना नियमांची उजळणी. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध हवेत, आणि त्यांच्या धावा दुप्पट धरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत नेपाळला हरवून भारतीय मुलींनी अंधांचा पहिला महिला टी-२० विश्वचषक जिंकला, तो विषय निघतोच.

१०:१५
"सर, आपल्याला रायफल जमेल?" जमेल. दहा मीटरच्या एअर रायफलवर सेन्सर बसवतात. नळी लक्ष्याच्या मध्याकडे सरकेल तसा हेडफोनमधला सूर चढतो. सूर सर्वांत वर गेला की खटका दाबायचा. लक्ष्य ऐकू येईल अशी सोय केली की नेम साधता येतो. सराव मात्र इतरांइतकाच लागतो.

११:००
सामान आवरलं. अंधांचाच दुसरा खेळ, गोलबॉल, १९७६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. तिथे चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी गप्प राहायचं असतं. आमच्या मैदानाशेजारून जाणाऱ्यांनाही एवढीच विनंती: हॉर्न वाजवू नका. सामना बघायला आलात तर चेंडू थांबेपर्यंत टाळी राखून ठेवा. मग मनसोक्त वाजवा.