दर्शनाच्या ऑनलाइन गर्दीसाठी लोड बॅलन्सर

संकेतस्थळावर येणारी प्रत्येक विनंती मागे उभ्या असलेल्या अनेक सर्व्हरांपैकी एकाकडे सोपवण्याचे काम लोड बॅलन्सर करतो. दर्शनबारीच्या तोंडाशी उभा राहून भाविकांना मोकळ्या रांगेत पाठवणाऱ्या स्वयंसेवकासारखेच हे काम आहे. एखादा सर्व्हर बंद पडला, तर त्याच्याकडे जाणारी वाटही तोच बंद करतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात अशा व्यवस्थेची गरज शिर्डीचा विचार केला की लगेच पटते. श्री साईबाबा संस्थानकडून दर्शनाचे व आरतीचे पास ऑनलाइन मिळतात. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीची पुण्यतिथी हे तिथले मोठे उत्सव. एरवी शांत असलेल्या बुकिंग सेवेवर अशा दिवसांसाठी एकदम झुंबड उडू शकते. संस्थानची स्वतःची यंत्रणा कोणती, हा येथे विषय नाही. अशा कोणत्याही सेवेला लागू पडेल अशी ही मांडणी आहे. उदाहरण ॲमेझॉनच्या क्लाउडचे घेतले आहे. त्याचे मुंबईतील केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले.

पूर्वी लोड बॅलन्सर उभारण्याचे काम जाणकार अभियंता क्लाउडच्या पडद्यावर एकेक रकाना भरून किंवा आज्ञा लिहून करत असे. आता एआय एजंटला साध्या भाषेत सांगता येते: दोन वेगवेगळ्या झोनमध्ये (म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र डेटा सेंटरांत) सर्व्हर ठेव, पुढे लोड बॅलन्सर बसव, सगळी ये-जा सुरक्षित जोडणीवरूनच होऊ दे. एजंट आधी क्लाउड खात्यात काय काय आहे ते वाचतो, मग टेराफॉर्मसारख्या साधनासाठी आराखड्याची फाइल लिहितो. त्या फाइलवरून टेराफॉर्म काय नवे उभे राहील, काय बदलेल आणि काय पुसले जाईल याची यादी दाखवतो. ही यादी माणसाने ओळ न ओळ वाचायची असते. ‘पुसले जाईल’ या सदरात एकही अनपेक्षित नोंद असेल, तर मंजुरी देऊ नये. एजंटला खात्याचे सर्वाधिकार देणेही चुकीचे. या कामापुरती आणि थोड्या वेळापुरती परवानगी पुरते.

मंजुरीनंतर लोड बॅलन्सर, सर्व्हरांचा गट, सुरक्षा प्रमाणपत्र आणि ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर विनंत्या घेणारा लिसनर काही मिनिटांत तयार होतात. इथे एक धोका असतो. जोडणी जुळत नसली की ती जुळवण्यासाठी सर्व्हर साऱ्या जगाला खुले करण्याचा सोपा उपाय एजंट सुचवू शकतो. सर्व्हरने विनंती फक्त लोड बॅलन्सरकडूनच स्वीकारावी, हा नियम मोडू देता कामा नये.

सर्वांत जास्त विचार मागते ती हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हरची ठरावीक अंतराने होणारी तपासणी. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये मूळ सेटिंगनुसार ती दर ३० सेकंदांनी होते आणि सलग दोनदा अपयश आले की सर्व्हर बाद ठरतो. म्हणजे बंद पडलेल्या सर्व्हरकडे जवळपास मिनिटभर लोक जात राहू शकतात. बुकिंगच्या ऐन गर्दीत हा काळ फार मोठा आहे. तो कमी करून घ्यावा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तपासायचे काय? एजंट बहुधा मुखपृष्ठ तपासायला लावतो. पण डेटाबेसशी संबंध तुटला तरी मुखपृष्ठ व्यवस्थित दिसते आणि पास मात्र कुणालाच मिळत नाही. उलट, प्रत्येक तपासणीत डेटाबेस गुंतवला, तर त्याच्या क्षणिक अडचणीने सगळे सर्व्हर एकदमच आजारी ठरतात. अशा वेळी हा लोड बॅलन्सर सर्वच सर्व्हरांकडे विनंत्या पाठवत राहतो. बुकिंगच्या सेवेसाठी ‘धडधाकट’ कशाला म्हणायचे, हे त्या सेवेचे काम ओळखणाऱ्या माणसानेच ठरवले पाहिजे. एजंटला ते आपोआप कळत नाही.

भाविकाने अर्ध्यावर भरलेला अर्ज एकाच सर्व्हरच्या स्मृतीत राहिला, तर पुढची विनंती दुसरीकडे जाताच तो हरवतो. म्हणून ही माहिती सर्व्हरांबाहेरच्या सामाईक साठ्यात ठेवतात. तसेच सर्व्हर कितीही वाढवले, तरी पासांची शिल्लक एकाच डेटाबेसमध्ये मोजली जाते. एकच जागा दोघांना विकली जाऊ नये याची जबाबदारी तिथेच येते; लोड बॅलन्सर त्यात काहीच करू शकत नाही. ताण डेटाबेसवर असेल, तर नवे सर्व्हर जोडल्याने तो उलट वाढतो.

उत्सवाच्या कित्येक दिवस आधी कृत्रिम भार टाकून सगळी व्यवस्था तपासावी आणि चालू चाचणीतच एक सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावा. लोड बॅलन्सर स्वतःची क्षमता वाढवतो, पण अचानक उसळलेल्या गर्दीला पुरे पडायला त्याला थोडा अवधी लागतो. त्यासाठी क्षमता आधीच राखून ठेवण्याचीही सोय आहे. चाचणीसाठी एजंटने उभे केलेले सर्व्हर आणि लोड बॅलन्सर काम झाल्यावर त्याच्याकडूनच, पुन्हा यादी वाचून, काढून टाकावेत. वापर नसला तरी त्यांचे भाडे तासागणिक चढत राहते.