शहराचं कार्ड, बँकेचं खातं

मुंबईत मी बँकेत नोकरी केली, त्यातला बराच काळ खातं उघडण्याच्या टेबलावर. तेव्हा नव्या माणसाला इंट्रोड्यूसर लागायचा. जुन्या खातेदाराने फॉर्मवर सही केली की काम व्हायचं, आणि चाळीत, बाजारात, कारखान्यात असा कुणीतरी सापडायचाच. आता मी मुलीकडे न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये राहते आणि जॅक्सन हाइट्सच्या आसपासच्या लोकांना शहराच्या ओळखपत्राचे फॉर्म भरायला मदत करते. इथे कुणाच्या शब्दावर खातं उघडत नाही. कागद लागतो.

या ओळखपत्राला ‘आयडीएनवायसी’ म्हणतात. महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या काळात २०१४ साली त्याचा कायदा झाला आणि जानेवारी २०१५ पासून कार्डं मिळू लागली. व्हिसाबद्दल किंवा नागरिकत्वाबद्दल अर्जदाराला विचारत नाहीत. कागदपत्रांना गुण असतात. एकूण चार हवेत, त्यातले निदान तीन तुम्ही कोण आहात याचे आणि एक तुम्ही शहरात राहता याचा. परदेशी पासपोर्ट चालतो, वकिलातीने दिलेलं कार्ड चालतं. पत्त्यासाठी विजेचं बिल, आणि ज्याला घरच नाही त्याला निवारा केंद्राचं पत्र.

अशी कल्पना न्यूयॉर्कच्या आधी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहराने २००७ साली अमलात आणली होती. तिथे मजुरीचे पैसे खिशात घेऊन जाणाऱ्या स्थलांतरितांना रस्त्यात गाठून लुटत. यांचं बँकेत खातं नाही आणि हे पोलिसांकडेही जाणार नाहीत, हे चोरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बँक खात्याचा प्रश्न या कार्डाला अगदी जन्मापासून चिकटलेला आहे.

माझ्याकडे इक्वेडोरची एक बाई यायची. लोकांची घरं साफ करते. काही घरांतून तिला रोख मिळतं, काही घरांतून चेक. चेक वटवून देणाऱ्या दुकानात शंभर डॉलरमागे दोन डॉलरहून थोडं जास्तच कापून घेत. उरलेले पैसे ती राहत्या खोलीतच लपवून ठेवायची, आणि त्या खोलीत तिच्याबरोबर आणखी माणसं राहत होती. कार्ड हातात आल्यावर ती एका बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि पासपोर्ट मागितला. तिच्या पासपोर्टची मुदत केव्हाच संपली होती.

मी त्या टेबलावर बसलेली आहे, त्यामुळे तिथली भीती मला कळते. तपासणीत काही निघालं तर जाब बँकेलाच द्यावा लागतो. पण इथला नियम मी नीट वाचला आहे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर आलेल्या ‘पॅट्रियट’ कायद्याच्या ३२६ व्या कलमाखाली २००३ साली तो तयार झाला. बँकेने चार गोष्टी घ्यायच्या: नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक क्रमांक. अमेरिकी नागरिक नसलेल्याचा क्रमांक करखात्याने दिलेला असू शकतो, पासपोर्टचा असू शकतो किंवा सरकारने दिलेल्या फोटोच्या दुसऱ्या ओळखपत्राचाही असू शकतो. मग ही व्यक्ती खरोखर तीच आहे, अशी बँकेची वाजवी खात्री पटली पाहिजे. नियमात ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्टची नावं आहेत, ती उदाहरणादाखल. ही बाई या देशात कशी आली, हे शोधायला तो नियम बँकेला कुठेही सांगत नाही. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो. ओळख पटवणं बँकेचं काम आहे. देशात राहायचा हक्क तपासणं हे तिचं काम नाही.

ओळख पटवायला हे कार्ड चालेल का, असं शहराने केंद्रीय नियामकांना विचारलं. एप्रिल २०१५ मध्ये फेडरल रिझर्व्ह, ठेव विमा महामंडळ, राष्ट्रीय बँकांवर देखरेख करणारं कार्यालय आणि अर्थखात्याचा आर्थिक गुन्हे विभाग यांनी मिळून उत्तर दिलं: हे कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून घ्यायला बँकांना हरकत नाही. सक्ती मात्र त्यांनी केली नाही. त्यामुळे निर्णय ज्या त्या बँकेवर राहिला. कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने १९२३ साली उभारलेली अमॅल्गमेटेड बँक आणि काही क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्याकडच्या पतसंस्थांसारख्या संस्था, लवकर पुढे आल्या. बड्या बँका बहुतेक मागे राहिल्या. फार तर दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून त्या कार्ड घेत. मला हे पटत नाही. शहराने कागद तपासूनच कार्ड दिलेलं असतं, आणि त्यावर फोटो, सही, पत्ता सगळं आहे. मेक्सिकोच्या वकिलातीचं कार्ड वेल्स फार्गोसारखी मोठी बँक २००१ पासून घेत आली आहे. मग न्यूयॉर्कमध्ये न्यूयॉर्कचंच कार्ड कमी का पडावं?

२०१६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर लोकांच्या मनात वेगळी धास्ती बसली. अर्जदारांच्या कागदांच्या प्रती शहराकडे होत्या आणि त्या वॉशिंग्टनला, केंद्र सरकारकडे गेल्या तर काय, असं जो तो विचारत होता. शहराने त्या नष्ट करायचं ठरवलं, तेव्हा स्टेटन आयलंडचे दोन लोकप्रतिनिधी त्याविरुद्ध कोर्टात गेले. २०१७ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. अशा प्रती ठेवणं शहराने त्याआधीच बंद केलं होतं. पुढे कार्डात पैसे भरण्याची चिप बसवायची टूम निघाली, तेव्हा स्थलांतरितांच्या संघटनांनीच विरोध केला. कोण कुठे जातो, काय विकत घेतो याची नोंद ओळखपत्राशी जोडली जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते योग्य वाटलं. या माणसांना साधं बचत खातं हवं आहे.

इक्वेडोरच्या त्या बाईचं खातं शेवटी एका क्रेडिट युनियनमध्ये उघडलं. मी बरोबर गेले होते. तिथल्या बाईंनी कार्ड घेतलं, करखात्याचा क्रमांक विचारला, सही घेतली, आणि पहिला चेक तिथल्या तिथे खात्यात भरून घेतला.

गावाकडून फोन आले की मी आपल्याकडचा नियमही सांगते, कारण आपल्याकडेही तो काउंटरवर अनेकांना माहीत नसतो. आधार, मतदार कार्ड, पासपोर्ट, लायसन्स, नरेगाचं जॉबकार्ड यांतलं काहीच नसलं, तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ‘छोटं खातं’ उघडता येतं. फोटो द्यायचा आणि अधिकाऱ्यासमोर सही करायची, नाहीतर अंगठा. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत जमा, महिन्याला दहा हजारांपर्यंत काढता येतात, आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर जाता कामा नये. खातं बारा महिने चालतं. तेवढ्यात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला की आणखी बारा महिने मिळतात. शाखेत नाही म्हणाले तर शाखाधिकाऱ्याला भेटा आणि ‘छोटं खातं’ हेच नाव घेऊन मागा.