तुमची वाटी किती ग्रॅमची?

घरापासून लांब रूम घेऊन राहत असाल तर हा फोन तुम्ही केलेलाच असणार. ‘आई, शिऱ्याला रवा किती?’ ‘एक वाटी.’ ‘कुठली वाटी?’ ‘अगं, आपली नेहमीची!’ आता नेहमीची वाटी घरच्या मांडणीवर आणि तुमच्याकडे नूडल्स खायचा एक बाऊल. बोला!

तसं वाटीचं माप चुकीचं अजिबात नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, यात वाटी लहान की मोठी याने फरक पडत नाही, फक्त दोन्हीला तीच वाटी हवी. घोळ होतो तो रेसिपी एका घरातून दुसऱ्या घरात जाते तेव्हा. नेटवरच्या केकच्या रेसिपीत तर देशसुद्धा बदलतो. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. तिथला टेबलस्पून २० मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा.

त्यात मैदा म्हणजे महाबिलंदर. चाळून अलगद भरला तर एका कपात १२० ग्रॅमच्या आसपास बसतो, पण डब्यात कप खुपसून दाबून भरलात तर १५० पर्यंत जातो. दोन कपांत ६० ग्रॅमचा फरक! मग केकची वीट झाली की दोष ओव्हनला.

यावर उपाय सोपा आहे : आपल्या वाटीचं वजन एकदाच काढून ठेवायचं. डिजिटल काट्यावर रिकामी वाटी ठेवा, आकडा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली, त्यामुळे काटा १५० दाखवत असेल तर तुमची वाटी १५० मिलीची. मग तीच वाटी रवा, साखर, बेसन असं एकेक भरून तोला आणि आकडे फ्रीजवर चिकटवा. काटा नाहीये? अर्धा किलोचं रव्याचं पाकीट फोडा, सपाट वाट्या भरत मोजा. पाच भरल्या तर वाटी १०० ग्रॅमची. संपला विषय.

आकडे बघून जरा धक्का बसेल. १५० मिलीच्या वाटीत रवा साधारण १०५ ग्रॅम, साखर १२५ आणि पातळ तूप १३५ च्या पुढे. म्हणजे ‘सगळं एकेक वाटी’ याचा अर्थ ‘सगळं शंभर-शंभर ग्रॅम’ असा होत नाही. तसं केलंत तर शिरा कमी गोड आणि कोरडा होणार. प्रत्येक जिन्नसाचा आकडा वेगळा, हे एवढं डोक्यात ठेवा.

मीठ, हळद, बेकिंग पावडर मात्र चमच्यानेच घ्या. स्वयंपाकघरातले साधे काटे दोन-तीन ग्रॅमला नीट दाद देत नाहीत. आणि फोडणीचं वजन करत बसलात तर मोहरी जळेल. रोजच्या भाजीलाही काटा नकोच. तो बेकिंगला, पाकाला, लाडवांना.

लाडवांवरून आठवलं. आजीचं माप ना वाटीत असतं ना कपात, ते असतं तिच्या मुठीत. ‘रवा घ्यायचा अंदाजानं, तूप बसेल तेवढं.’ हे लिहून घेऊन काय उपयोग? तिला काट्यावर मूठ उघडायलाही सांगू नका, लक्ष गेलं की हात बदलतो. त्याऐवजी ती पदर खोचायच्या आत रव्याचा, साखरेचा डबा आणि तुपाचं भांडं तोलून ठेवा. तिला तिच्या पद्धतीनं करू द्या. लाडू वळून झाले की सगळं परत तोला. जे कमी भरेल ते तिचं प्रमाण. या दिवाळीत घरी जाल तेव्हा काटा बॅगेत टाका, आणि पाक किती वेळ उकळला तेही मोबाइलवर बघून ठेवा. ते काही काटा सांगत नाही.