घंटागाडी गाते, बोलत नाही

कचऱ्याच्या चार डब्यांची बातमी सगळ्यांनी वाचली आहे. ओला, सुका, सॅनिटरी आणि चौथा विशेष काळजीचा, म्हणजे जुने बल्ब, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे वगैरे. १ एप्रिल २०२६ पासून नियम लागू. २०१६च्या नियमांतले तीनच अजून कित्येक घरांत नांदायला आले नव्हते, तेवढ्यात चौथा पाहुणा दारात.

डब्यांचं होईल काहीतरी. माझं लक्ष घंटागाडीकडे आहे. धुळ्यात देवपूरच्या एखाद्या ओट्यावर हा विषय काढून पाहा. "सगळा कचरा एकच गाडीमा जास, मंग निवडीसन काय करानं?" या अर्थाचं काहीतरी कानावर पडेलच. कचऱ्याच्या योजनेवर याहून नेमका अभिप्राय दुसरा नाही. लोक निवडायला कंटाळत नाहीत. रोज भाजी निवडणारे हात कचराही निवडतील. पण निवडलेलं गाडीत पुन्हा एक झालेलं दिसलं की मन उडतं. आणि त्यावर गाडी काय म्हणते? ती स्वच्छतेचं गाणं लावून पुढे जाते.

सरकार अभिप्राय घेत नाही असं नाही. २०१७च्या स्वच्छ सर्वेक्षणात २,००० पैकी ६०० गुण नागरिकांच्या मतांना होते. १९६९ या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, मग प्रश्न यायचे. गेल्या वर्षीपेक्षा तुमचा परिसर स्वच्छ वाटतो का? त्या वर्षी आपलं भुसावळ ४३४ शहरांत ४३३वं आलं, मागे एकटं उत्तर प्रदेशातलं गोंडा. नाचक्की देशभर झाली. पण कुठल्या वॉर्डात, कुठल्या फेरीला काय बिघडतं, हे त्या आकड्यावरून भुसावळच्या मुकादमाला कसं कळावं? लोकांचं उत्तर दिल्लीला गेलं आणि क्रमांक होऊन परत आलं.

याउलट आपला भंगारवाला. त्याच्याकडे ना फॉर्म, ना ॲप. पुठ्ठा ओला निघाला तर तो तिथल्या तिथे भाव पाडतो, तेलकट डबा उचलून बाजूला ठेवतो, आणि पुढच्या खेपेला तुम्ही पुठ्ठा कोरडाच ठेवता. घासाघीस म्हणा, पण दोन्ही बाजूंनी बोलणं होतं.

कोरड्या, स्वच्छ भंगाराचं मोल जळगावकरांना वेगळं सांगायला नको. इथल्या एमआयडीसीतले चटईचे बरेच कारखाने जुन्या प्लॅस्टिकच्या दाण्यावर चालतात. गच्चीवर अंथरलेली रंगीत चटई मागच्या जन्मी कुणाची तरी फुटकी बादली असू शकते. तेच प्लॅस्टिक भरताच्या वांग्याच्या जळक्या सालींत लडबडून आलं की धुण्याचा खर्च वाढतो, नाहीतर ते सरळ ढिगावर जातं. गिऱ्हाईक गावातच बसलेलं असताना आपल्या गल्लीतला माल त्याच्या कामाचा निघाला की नाही, एवढं तरी घरापर्यंत पोचायला काय हरकत आहे?

पुण्यात हे बोलणं थोडंफार जमलं. १९९३ची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था, २००८चा महापालिकेशी करार. तिथली कचरावेचक बाई घराघरातून महिन्याचे पैसे घेते आणि सुका माल विकूनही कमावते. मिसळून दिलं तर नुकसान तिचं, म्हणून ती उंबऱ्यातच बोलते. या संस्थेने २०१३ मध्ये वापरलेले सॅनिटरी पॅड थेट कंपन्यांकडे परत धाडले होते. पुढे पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी मोहीम निघाली. उघडून बघायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून. आज नियमात आलेला सॅनिटरीचा डबा याच गाऱ्हाण्याचं उत्तर आहे, तेही तेरा वर्षांनी! अभिप्राय म्हटलं की आपण फक्त रहिवाशाला विचारतो. कचऱ्यात हात घालणाऱ्याला विचारायचं राहूनच जातं.

धुळ्यात तर सोय तयार आहे. जुन्या शहरातल्या गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर पाचच्या तोंडाशी एक फळा लावा. गाडी किती वाजता आली, सुका किती निघाला, मिसळलेला म्हणून काय परत केलं, एवढ्या तीन ओळी. खडू गाडीवाल्याच्या हाती द्या आणि गल्लीच्याही. काहींना ही सूचना भाबडी वाटेल. वाटो.

पहिल्या आठवड्यात त्या फळ्यावर काय उमटेल याचा अंदाज आहे. नळाला पाणी येतं नेमकं तेव्हाच तुमची गाडी येते. प्लॅस्टिक धुऊन द्या म्हणता, इथे प्यायचं पाणी पुरवून वापरतो, पिशव्या कशानं धुवायच्या? आणि त्याच्याच खाली कुणीतरी काकू लिहून जातील: दुधाची पिशवी घोटभर पाण्यात विसळा आणि ते पाणी चहात टाका.